उथळ पाणी, ठेंगणे पूल : नॉरफोक ब्रॉड्ससाठी शिडाची बोट कशी निवडावी

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक आणि सफोक या परगण्यांत पसरलेले ब्रॉड्सचे जलमार्ग शिडाच्या बोटीपुढे परस्परविरोधी मागण्या ठेवतात. सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या या नद्या आणि त्यांना जोडलेली तळी (यांनाच ‘ब्रॉड’ म्हणतात) नैसर्गिक वाटली, तरी तळी मात्र मध्ययुगात जळणासाठी पीट (दलदलीतली जळाऊ माती) खणून झालेल्या खड्ड्यांत पुढे पाणी शिरल्यामुळे तयार झाली, हे १९५० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लँबर्ट यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यामुळे अनेक तळ्यांत दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाणी असते आणि खाली मऊ चिखल असतो. अशा पाण्यात बोटीच्या तळाखाली फारसे काही नसावे, ही पहिली मागणी. नद्यांच्या काठांवर बोरूची दाटी आणि जागोजागी उंच झाडे असल्यामुळे वारा वरच्या थरातच मिळतो, म्हणून शीड उंच असावे, ही दुसरी. उंच शिडाला तोलण्यासाठी खाली वजन लागते आणि ते पहिल्या मागणीच्या आड येते. शेवटी वाटेत काही पूल इतके ठेंगणे आहेत की शीड आणि डोलकाठी दोन्ही आडवी केल्याशिवाय बोट पुढे जातच नाही.

ब्रिटनमध्ये राहणारे आणि पहिलीच बोट घेऊ पाहणारे मराठी वाचक समोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. पहिल्यांदा बोट घेणारा माणूस बहुधा कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या वजनदार पात्याच्या, चर्चेत अडकतो: कील स्थिर असावी की वर घेता येणारी, एक असावी की दोन. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु ब्रॉड्सवर बोट किती वापरली जाईल हे त्यावरून ठरत नाही. डोलकाठी किती लवकर, किती माणसांनी आणि किती कमी धोक्याने खाली-वर करता येते, यावरून ते ठरते. ज्या बोटीवर या कामाला तीन माणसे आणि अर्धा तास लागतो, ती बोट दुसऱ्या हंगामापासून पुलाच्या अलीकडेच फिरू लागते.

आधी पूल, मग बोट

बोटींच्या जाहिराती पाहण्यापूर्वी नकाशा घेऊन बसावे आणि बोट कोठे बांधून ठेवायची हे ठरवावे, कारण डोलकाठी किती वेळा उतरवावी लागेल हे त्यावर अवलंबून असते. ब्यूर नदीवर रॉक्सहॅमचा पूल आणि एकलचा पूल यांच्यामध्ये एकही पूल नाही. रॉक्सहॅम ब्रॉड, हॉर्निंग, रॅनवर्थ, साउथ वॉल्शॅम आणि थर्न नदीचा खालचा भाग एवढा सगळा प्रदेश डोलकाठी उभी ठेवूनच पाहता येतो. याउलट अँट नदीवरून बार्टन ब्रॉडकडे जायचे तर लडहॅमचा पूल लागतो. हिकलिंग ब्रॉड आणि हॉर्सी मियर यांकडे जाताना पॉटर हाइगमचा जुना दगडी पूल ओलांडावा लागतो. केवळ हिकलिंगच्या मोकळ्या पाण्यातच फिरायचे असेल, तर बोट कायमची तेथेच ठेवून पुलांचा प्रश्न बाजूला सारता येतो. ते पुरेसे असेल तर या लेखातील निम्मी काळजी करण्याचे कारण उरत नाही.

पुलांखालची मोकळी उंची येथे फूट आणि इंचांत सांगितली जाते आणि ती सरासरी भरतीच्या पातळीपासून मोजलेली असते. पॉटर हाइगमला ती ६ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे २.०५ मीटर आहे. रॉक्सहॅमला ७ फूट ३ इंच, म्हणजे २.२ मीटर, लडहॅमला ८ फूट ६ इंच, म्हणजे जवळजवळ २.६ मीटर, तर एकलला १२ फूट, म्हणजे साडेतीन मीटरहून थोडी अधिक उंची मिळते. हे आकडे पाठ करण्यासारखे असले तरी त्या दिवशी ते खरे असतीलच असे नाही. पुलाजवळ पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवर त्या क्षणाची मोकळी उंची वाचता येते आणि निर्णय तिच्यावरूनच घ्यावा. विशेषतः उत्तर समुद्रावरून वायव्येचा जोरदार वारा काही काळ वाहिला, की समुद्राचे पाणी दक्षिणेकडे रेटले जाऊन नद्यांचे पाणी समुद्रात नीट उतरत नाही आणि आतल्या तळ्यांची पातळीही चढून राहते. त्यात पावसाची भर पडली, तर ही स्थिती काही दिवस टिकते. मग ओहोटीची वाट पाहूनही उपयोग होत नाही, कारण पॉटर हाइगमपर्यंत पोहोचेस्तोवर भरती-ओहोटीतला फरक मोजक्या इंचांवर आलेला असतो. शिवाय भरतीची वेळही नदीच्या मुखाशी असलेल्या ग्रेट यार्मथपेक्षा तेथे चार-एक तासांनी मागे पडते, त्यामुळे ग्रेट यार्मथचे वेळापत्रक पाहून वरच्या भागातला हिशेब करताना हा उशीर धरावा लागतो.

पॉटर हाइगमच्या पुलाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हा मध्ययुगीन पूल असून त्याची मधली कमान अर्धवर्तुळाकार आहे. मोजपट्टीवरची उंची कमानीच्या ऐन मध्यावर मिळते; मध्यापासून एक-दीड मीटर बाजूला सरकले की दगड झपाट्याने खाली येतो. त्यामुळे मधोमध उंच पण वर निमुळती होत गेलेली केबिन सुखरूप निघते आणि तिच्यापेक्षा बुटकी, परंतु सपाट व रुंद छपराची केबिन दोन्ही खांद्यांवर घासते. बोट पाहताना छपराची उंची आणि छपराच्या कडांची उंची ही दोन मापे वेगवेगळी घ्यावीत, आणि कडांमधले अंतरही नोंदवावे. जुन्या पुलाच्या वरच्या अंगाला रस्त्याचा नवा पूल असल्यामुळे दोन्ही ओलांडेपर्यंत डोलकाठी आडवीच ठेवावी लागते.

दक्षिणेकडील यार आणि वेव्हनी या नद्यांवर रीडहॅम आणि सॉमर्लेटन येथे रेल्वेचे फिरते पूल आहेत. ते बोटींसाठी उघडले जातात, मात्र कडक उन्हाच्या दिवसांत लोखंड प्रसरण पावल्यामुळे ते कधी कधी बंदच राहतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे झाल्यास ग्रेट यार्मथ येथील ब्यूरवरचे स्थिर पूल लागतात. तेथे मोकळी उंची सुमारे ७ फूट आहे, आणि प्रवाह इतका जोरात असतो की ओहोटी संपून तासाभराने येणारी पाण्याची स्तब्ध वेळ साधूनच लोक जातात. या वेळी डोलकाठी आडवी आणि शीड निकामी असते, म्हणजे बोट पूर्णतः इंजिनवर अवलंबून असते. हा प्रवास करण्याचा विचार असेल तर इंजिनाचा विचार शिडाइतक्याच गांभीर्याने करावा.

डोलकाठी आडवी असताना बोट किती उंच

विक्रेत्याला बोटीची उंची विचारली तर तो बहुधा केबिनची उंची सांगतो. प्रत्यक्षात डोलकाठी आडवी केल्यावर सर्वांत उंच ठरणारी वस्तू वेगळीच असते. आडवी डोलकाठी टेकवण्याचा मागचा दुबेळका, मागच्या बाजूचे स्टीलचे कठडे, पाण्याबाहेर उचललेल्या आउटबोर्ड इंजिनाचे डोके, सौरपट्टी, पावसासाठी लावलेल्या कापडी छपराची कमान यांपैकी काहीही सर्वांत वर असू शकते. डोलकाठीची बिजागरी केबिनच्या छपरावर आणि तीही छपरापासून हातभर उंच असेल, तर डोलकाठी स्वतःच सर्वांत वर येते. बिजागरी पुढच्या डेकवर खाली बसवलेली असेल, तर डोलकाठी केबिनला जवळजवळ चिकटून पडते. बोट पाहायला गेल्यावर सर्वांत आधी ही बिजागरी कोठे आहे ते पाहावे.

माप घेण्यासाठी बोट पाण्यात असावी आणि डोलकाठी खाली घेतलेली असावी. सर्वांत उंच बिंदूवर एक सरळ पट्टी बोटीच्या बाजूबाहेर येईल अशी आडवी धरावी, तिच्यावर पाणसळ ठेवून ती समपातळीत आहे याची खात्री करावी, आणि पट्टीच्या टोकापासून पाण्यापर्यंत टेप सोडावी. हे माप बोट रिकामी असताना घ्यावे. चार माणसे, पाण्याची टाकी आणि आठवड्याचे सामान भरल्यावर बोट काही सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे रिकाम्या बोटीचे माप हेच सर्वांत प्रतिकूल माप असते आणि त्यावर विसंबणे सुरक्षित असते. मापात १५ ते २० सेंटिमीटरची सूट धरावी, कारण शेजारून एखादी मोटारबोट गेली की तिच्या लाटेने आपली बोट वर उचलली जाते. पॉटर हाइगमसाठी हा हिशेब केला तर २.०५ मीटरमधून २० सेंटिमीटर वजा जाता १.८५ मीटर उरतात. पाच-सहा मीटर लांबीच्या बहुतेक शिडाच्या बोटी या मर्यादेत बसतात. सात मीटरच्या पुढे, आत उभे राहता येईल अशा केबिनच्या बोटी मात्र बसतीलच असे नाही. आत उभे राहता येणे ही सोय येथे पुलाच्या हिशेबात महाग पडते, आणि ब्रॉड्सच्या जुन्या बोटबांधकामात यावर काढलेला तोडगा फार सुरेख आहे: केबिनचे छप्परच पेटीच्या झाकणासारखे वर उचलता येते, त्याखालच्या बाजू कापडाच्या असतात, आणि पूल आला की छप्पर पुन्हा खाली बसते.

डोलकाठी उतरवण्याची यंत्रणा

ब्रॉड्सवर मालवाहतूक करणाऱ्या व्हेरी नावाच्या जुन्या बोटींपासून ही यंत्रणा शिकण्यासारखी आहे. १८९८ साली बांधलेली ‘अल्बियन’ ही व्हेरी आजही चालते. या बोटींची जाडजूड डोलकाठी डेकवरच्या एका उभ्या खोबणीत आडव्या बोल्टवर फिरते आणि तिच्या बुंध्याशी टनाहून अधिक वजनाचे शिसे बसवलेले असते. बाजूंना आणि मागे एकही तणावा (डोलकाठीला ताणून धरणारा दोर) नसतो, फक्त पुढचा एक तणावा असतो. तो रहाटावरून सैल सोडला की डोलकाठी खाली येते आणि ओढला की वर जाते. दोन माणसे मालाने भरलेली बोट वाहतीच ठेवून पुलाखालून काढत असत. आजच्या छोट्या बोटीत इतके सगळे मिळत नाही, पण त्यातली तत्त्वे तीच राहतात.

पहिले तत्त्व तोलाचे. ब्रॉड्सच्या पारंपरिक नदी-बोटींत डोलकाठीचा बुंधा बोल्टच्या खाली डेकच्या आतपर्यंत जातो आणि त्याच्याशी शिशाचे वजन असते. पुढच्या डेकवरचे झाकण उघडले की डोलकाठी खाली येताना तो बुंधा त्या फटीतून वर येतो. अशी डोलकाठी एक माणूस पुढचा तणावा हातात धरून मिनिटाभरात खाली घेऊ शकतो. ज्या बोटीत तोलाचे वजन नाही, तिथे कप्प्यांचा संच लागतो, आणि एक अडचण उभी राहते. डोलकाठी पूर्ण आडवी असताना पुढचा तणावा तिला जवळजवळ समांतर झालेला असतो, त्यामुळे तो कितीही जोराने ओढला तरी ओढ वर जाण्याऐवजी डोलकाठीच्या बुंध्याकडेच जाते. पहिले वीस-तीस अंश उचलणे सर्वांत अवघड असते ते यामुळेच. त्यासाठी डोलकाठीच्या बुंध्याशी दीड-दोन मीटरचा एक दांडा पुढच्या दिशेने काटकोनात लावतात आणि तणाव्याची ओढ त्याच्या टोकावरून नेतात. बोटीबरोबर असा दांडा मिळतो का, हे विचारावे. मिळत नसेल तर तो बसवून घेण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा.

दुसरे तत्त्व बाजूच्या तणाव्यांचे. डोलकाठी मागच्या दिशेने खाली येत असताना बाजूचे तणावे सैल पडतात, कारण ते डेकला जेथे अडकवलेले असतात ती जागा बहुधा बिजागरीच्या थोडी मागे आणि खाली असते. सैल तणाव्यांमुळे अर्धवट खाली आलेली डोलकाठी डाव्या-उजव्या बाजूला झुलू लागते. शांत पाण्यात हे खपून जाते, परंतु त्याच वेळी बाजूने लाट आली तर सगळे वजन बिजागरीच्या एकाच गालावर येते आणि धातूची खोबण वाकते. बिजागरीच्या बोल्टच्या अक्षरेषेत, त्याच उंचीवर अडकवलेले दोन स्वतंत्र तणावे असतील तर ते शेवटपर्यंत ताठ राहतात. जुनी बोट पाहताना खोबणीचे दोन्ही गाल समोरून निरखावेत. एक गाल बाहेर कललेला दिसला, तर डोलकाठी कधी तरी बाजूला पडू पाहिली होती, असे समजावे.

तिसरी गोष्ट लांबीची, आणि येथे शिडाचा प्रकार मध्ये येतो. आधुनिक त्रिकोणी शिडाला पूर्ण उंचीची एकसंध डोलकाठी लागते. सहा मीटरच्या बोटीवर ती आठ मीटरची असू शकते आणि आडवी केल्यावर मागे दीड-दोन मीटर बाहेर लोंबते. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, रेडिओचा अँटेना आणि टोकावरचा दिवा पुलाच्या दगडाला किंवा मागच्या बोटीला लागून तुटतात ते या लोंबत्या टोकावर. गॅफ (तिरप्या वाशाच्या) किंवा गंटर (जवळजवळ उभ्या वाशाच्या) पद्धतीच्या शिडात मात्र उंची दोन तुकड्यांत विभागलेली असते: डोलकाठी आखूड असते आणि शिडाच्या वरच्या कडेचा वासा चढवल्यावर एकूण उंची वाढते. शीड खाली घेतले की तो वासाही खाली येतो आणि उरलेली डोलकाठी बोटीच्या लांबीत मावते. हॉर्निंगपासून रॉक्सहॅमकडे जाताना दोन्ही काठांवर झाडे असलेल्या भागात वारा वरून वरून जातो, तेथे हा उंच चढवलेला वासा उपयोगी पडतो. गॅफचे शीड वाऱ्याच्या विरुद्ध चालताना आधुनिक शिडाइतके तीव्र कोनात चालत नाही, हे खरे. तरीही ब्रॉड्ससाठी माझी पसंती गंटरला आणि त्यानंतर गॅफला आहे.

पुढचे शीड गुंडाळून ठेवणारी रोलर यंत्रणा समुद्रावर मोठी सोय असते, पण येथे ती त्रास देते, कारण पुढच्या तणाव्याभोवतीची ॲल्युमिनियमची नळी डोलकाठी खाली येताना वाकते आणि तिचा खालचा रहाट डेकवर आपटतो. डोलकाठी वर्षातून दोनदाच उतरवायची असेल तर ही यंत्रणा ठेवावी, दर शनिवारी उतरवायची असेल तर साधे, हुकांनी अडकवायचे पुढचे शीड बरे.

तळाखालचा प्रश्न

ब्रॉड्सच्या नद्यांच्या मुख्य प्रवाहात पुरेसे पाणी असते; उथळपणा जाणवतो तो काठाजवळ आणि तळ्यांत खुणेच्या खांबांबाहेर गेल्यावर. त्यातही वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी जाताना प्रत्येक वळणावर काठापर्यंत जावे लागते, म्हणून वापरात येणारी नदीची रुंदी बोट पाण्यात किती खोल जाते यावर ठरते. साधारण मत असे देता येईल की ७५ सेंटिमीटरपर्यंत खोल जाणारी बोट जवळजवळ सगळीकडे निर्धास्त फिरते, एक मीटरची बोट नद्यांवर चांगली चालते आणि तळ्यांत खांबांच्या आत राहते, तर सव्वा मीटरच्या पुढे चालकाचे निम्मे लक्ष काठावरच राहते.

सेंटरबोर्ड, म्हणजे तळातल्या फटीतून खाली सोडता आणि वर घेता येणारे पाते, हा येथील सर्वांत सोयीचा पर्याय आहे. तळ लागला की बोर्ड मागे वर सरकते, तोच इशारा समजून बोट वळवता येते, आणि काठाला लावताना ते पूर्ण वर घेता येते. त्याची किंमत देखभालीत मोजावी लागते. बोर्डची पेटी केबिनच्या मधोमध येते, फिरण्याच्या बोल्टमधून पाणी झिरपू शकते आणि चिखलाबरोबर आलेला एखादा खडा पेटीत अडकला की बोर्ड खालीही जात नाही, वरही येत नाही. बोट पाण्याबाहेर असताना बोर्ड पूर्ण खाली सोडायला लावावे आणि हाताने बाजूला हलवून पाहावे. फार खडखडत असेल तर बोल्ट झिजलेला असतो. वर ओढणारी तार कोठे कोठे वळते ते पाहावे, कारण ती तुटते ती वळणावरच.

दोन कीलच्या बोटी ब्रिटनमध्ये स्वस्तात आणि भरपूर मिळतात. ओहोटीला चिखलावर त्या सरळ उभ्या राहतात, त्यामुळे समुद्राच्या खाड्यांत त्यांना मान आहे. ब्रॉड्सवर त्यांचा एक दोष ठळकपणे पुढे येतो. एकच कील असलेली बोट रुतली तर सगळ्यांनी एका बाजूला जाऊन तिला कलवले की कील तिरपी होऊन वर येते आणि बोट सुटते. दोन कीलची बोट कलवली की एक कील आणखी खोल जाते, म्हणजे नेहमीचा उपाय उलटा पडतो. तिला मागेच ढकलावे लागते.

सुकाणूकडे दुर्लक्ष होते. बोर्ड वर घेऊन २५ सेंटिमीटर पाण्यात तरंगणाऱ्या बोटीचे सुकाणू स्थिर आणि ७० सेंटिमीटर खोल असेल, तर ती ७० सेंटिमीटरचीच बोट होय. सुकाणूचे पातेही वर उचलता येणारे असावे आणि ते खाली राखणारा दोर तळ लागताच आपोआप सुटेल अशा पद्धतीने बांधलेला असावा. हिकलिंगसारख्या तळ्यांत उन्हाळ्यात पाणवनस्पती दाट वाढतात, त्या सुकाणूला आणि बोर्डला गुंडाळल्या जाऊन बोट अचानक मंदावते. दोन्ही पाती वर-खाली केली की त्या सुटतात. ज्या सुकाणूला वरच येता येत नाही, त्यावरच्या वनस्पती काठीने काढाव्या लागतात.

कोकणच्या खाड्यांत अशी बोट आणण्याची कल्पना अनेकांच्या मनात येते, म्हणून एक फरक येथेच सांगतो. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, तर भांगाच्या दिवसांत फरक बराच कमी असतो. तेथे पुलाखालची मोकळी उंची आणि तळाखालचे पाणी ही दोन्ही मापे दर तासाला बदलतात आणि एकाच वेळी उलट दिशेने बदलतात: पूल सोपा असतो तेव्हा पाणी कमी असते. पॉटर हाइगमजवळ मात्र दिवसभरात जेमतेम काही इंचांचा खेळ असतो. त्यामुळे ब्रॉड्सचा अंदाज खाडीत नेऊ नये. मापे घेण्याची रीत मात्र नेता येते.

कोणत्या बोटी पाहाव्यात

पहिल्या हंगामात बोट विकत न घेता भाड्याने घ्यावी. लडहॅम येथील हंटर्स यार्डकडे जुन्या लाकडी नदी-बोटींचा ताफा आहे. त्यांना इंजिन नसते, केबिनचे छप्पर उचलता येते आणि डोलकाठी तोलाच्या वजनावर खाली येते. अशा बोटीवर चार दिवस काढले की क्वांट कसा मारावा हेही हाताला कळते. हा पाच-सहा मीटरचा लाकडी वासा नदीच्या तळाला टेकवून डेकवरून मागे मागे चालत बोट ढकलायची असते. त्याच्या खालच्या टोकाला चिखलात फार खोल जाऊ नये म्हणून लाकडी खूर असतो, आणि तो ओढून काढण्यापूर्वी मनगटाने एकदा पिळावा लागतो. न पिळता ओढला तर वासा चिखलातच राहतो, बोट पुढे जाते, आणि मधल्या माणसाला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

विकत घ्यायची झाल्यास कॉर्निश श्रिंपर १९ ही बोट आधी पाहावी. १९७९ पासून बनू लागलेली ही गॅफ-बोट सेंटरबोर्ड वर घेतल्यावर अर्ध्या मीटरहून कमी आणि खाली सोडल्यावर सुमारे १.२ मीटर पाणी घेते. डोलकाठी डेकवरच्या खोबणीत फिरते, केबिन बुटकी आणि झोपण्यापुरती आहे. पुढे आलेला लांब दांडा मात्र गर्दीच्या धक्क्यावर जागा खातो आणि अनोळखी चालकाला त्याचा अंदाज येत नाही. वापरलेल्या श्रिंपरची किंमत लवकर उतरत नाही. घेताना ती खटकते, विकताना बरी वाटते.

केबिन नको असेल तर ड्रॅस्कम लगर योग्य ठरते. जॉन वॉटकिन्सन यांनी १९६० च्या दशकात आखलेली ही पावणेसहा मीटरची उघडी बोट बोर्ड वर असताना साधारण पाऊण फूट पाण्यात तरंगते, तिची मुख्य डोलकाठी एका माणसाला खांद्यावर उचलता येते आणि मुख्य शिडाला बूमच (खालच्या कडेचा आडवा वासा) नसल्यामुळे लहान मुले बरोबर असताना डोक्यांची चिंता कमी होते. वाऱ्याच्या विरुद्ध ती सावकाश चालते. शर्यतीची आवड असणाऱ्याने ती घेऊ नये.

खास ब्रॉड्ससाठी बांधलेल्या जुन्या लाकडी नदी-बोटी दिसायला अप्रतिम असतात आणि अधूनमधून आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्त मिळतात. स्वस्ताईचे कारण लाकडाच्या देखभालीत असते. ज्याला वार्निश, रंग आणि फळ्यांमधल्या फटी भरण्याचे काम स्वतः करायला आवडते त्यानेच त्या वाटेला जावे. लंडनहून पंधरवड्यातून एकदा येणाऱ्याला ते झेपणार नाही. फायबरग्लासच्या साध्या बोटीला डोलकाठीची चांगली बिजागरी बसवून घेणे त्याला अधिक परवडेल.

बोट गाडीमागे ट्रेलरवरून न्यायची असेल तर वजन पाहावे. श्रिंपर एक टनाच्या किंचित वर आहे आणि त्यात ट्रेलरचे वजन मिळवावे लागते. डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साध्या मोटार-परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, परंतु गाडीची स्वतःची ओढण्याची मर्यादा त्याहून बरीच कमी असू शकते आणि कायदा त्या मर्यादेलाही बांधील धरतो.

सौद्याच्या दिवशी

विक्रेत्याला आधीच कळवावे की डोलकाठी उभी असताना बोट पाहायची आहे, आणि ती आपल्यासमोर खाली घेऊन पुन्हा उभी करून दाखवावी लागेल. घड्याळ लावावे. पंधरा मिनिटांच्या आत, दोन माणसांत, कोणीही ओरडल्याशिवाय काम झाले तर यंत्रणा चांगली आहे. विक्रेता हे टाळत असेल तर एक तर त्याने ती वर्षानुवर्षे उतरवलेली नसते किंवा बोल्ट गंजून बसलेला असतो, आणि दोन्ही गोष्टी किमतीत दिसल्या पाहिजेत. डोलकाठी खाली असतानाच खोबणीच्या तळाशी डेक दबलेले आहे का, केबिनच्या आत त्याच्या बरोबर खाली आधाराचा खांब आहे का आणि त्याचा पाया कुजलेला नाही ना, हे पाहून घ्यावे.

इंजिन चालू करून बोट मागे नेऊन पाहावी. चार ते सहा अश्वशक्तीचे लांब दांड्याचे आउटबोर्ड या आकाराच्या बोटीला पुरते, कारण वेगमर्यादाच ताशी ३ ते ६ मैलांच्या दरम्यान आहे. पण पुलासमोर थांबण्यासाठी उलट गती खात्रीने मिळाली पाहिजे. बोटीबरोबर चिखलात रुतवून ठेवायचे मडवेट आणि काठाच्या मातीत रोवायचे नांगर मिळतात का, हेही विचारावे, कारण समुद्री नांगर येथल्या मऊ तळात फारसा उपयोगी पडत नाही.

शेवटी कागदपत्रे. या जलमार्गांचा कारभार पाहणाऱ्या ब्रॉड्स ऑथॉरिटीचा वार्षिक टोल (जलमार्ग वापरण्याचे शुल्क) १ एप्रिलपासून मोजला जातो, त्यामुळे फेब्रुवारीत बोट घेणाऱ्याला तो लगेच पुन्हा भरावा लागतो. इंजिन किंवा गॅस असलेल्या केबिन-बोटीला बोट सेफ्टी स्कीमचे, म्हणजे सुरक्षा तपासणीचे, प्रमाणपत्र लागते. ते चार वर्षे चालते, म्हणून त्याची किती मुदत शिल्लक आहे हे पाहावे आणि तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा ताबा घेण्याच्या दिवसापासून सुरू करावा. मागच्या मालकाचे टोलाचे क्रमांक बोटीवर तसेच असतील तर नाव बदलल्याची नोंद ऑथॉरिटीकडे त्याच आठवड्यात करून घ्यावी.